दर डिसेंबरात स्कीच्या कडा गंजलेल्या निघतात, बुटाला कुबट वास येतो: मराठवाड्यातल्या घरात पहिला सेट कसा घ्यावा, कसा ठेवावा

तक्रार बहुतेक वेळा एकाच नमुन्याची असते. फेब्रुवारीत औलीहून किंवा गुलमर्गहून परत येताना सगळं ठीक होतं. घरी आल्यावर बॅग कोपऱ्यात उभी केली. डिसेंबरात पुढच्या फेरीची तयारी म्हणून चेन उघडली, तर कडांवर तांबूस थर, तळ पांढुरका आणि खरखरीत, बुटातून कुबट वास. घासूनपुसून, कानस मारून माणूस डोंगरावर जातो आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा तेच. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर या पट्ट्यात स्की करणारे मोजकेच. पण ज्यांनी स्वतःचा सेट, म्हणजे स्की, बाइंडिंग आणि बूट, घेतलाय त्यांच्याकडून हीच गोष्ट ऐकायला मिळते.

सोबतच्या पुस्तिकेत ‘थंड आणि कोरड्या जागी ठेवा’ एवढंच लिहिलेलं असतं. बर्फाच्या देशातल्या घराला ते पुरतं. आपल्याकडे मार्च ते जून घरातली थंड जागा कोरडी नसते आणि कोरडी जागा थंड नसते. माळ्यावर, पत्र्याखाली ठेवलं तर सेट भाजून निघतो. थंड खोलीत ठेवलं तर तिथे दिवसभर कूलर चालू असतो. लोक पावसाळ्याला दोष देतात, पण मी पाहिलेल्या बऱ्याच सेटचं नुकसान मृग लागायच्या आधीच झालेलं होतं, कूलरच्या खोलीत.

गंज कुठून आला ते आधी ओळखा

कड म्हणजे स्कीच्या तळाच्या दोन्ही काठांना बसवलेली पोलादाची बारीक पट्टी. ती स्टेनलेस नसते, त्यामुळे ओल लागली की गंज धरणारच. पण गंजाचा आकार पाहिला की ओल कुठून आली ते बऱ्यापैकी कळतं.

ठिपक्यांसारखा किंवा तुकड्या-तुकड्यांनी आलेला गंज, तोही पट्टा बांधला होता तिथे किंवा दोन स्की एकमेकींना टेकतात तिथे, हा परतीच्या प्रवासातला. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत बर्फात होतो, मग जीपच्या टपावर बॅग टाकली, मग गाडी पकडायची घाई. अमृतसर किंवा दिल्लीहून सचखंड एक्सप्रेसने नांदेडकडे निघालात, तर ओली बॅग बंद अवस्थेत एक अख्खी रात्र आणि बराचसा दिवस सीटखाली पडून असते. बाहेरची हवा तासातासाने गरम होत जाते, आत बर्फाचं पाणी. गंजाची सुरुवात मनमाड यायच्या आधीच झालेली असते.

कडेच्या पूर्ण लांबीवर सारखा, पातळ, नारिंगी थर आला असेल तर तो दमट हवेचा, म्हणजे बहुधा कूलरचा. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडची बाहेरची हवा इतकी कोरडी असते की त्या हवेत लोखंड सहज टिकतं. पण कूलर त्याच हवेत पाणी मिसळून खोलीत ढकलतो आणि खिडक्या बंद असतील तर ती ओल आतच राहते. बाइंडिंगवर, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या पकडीवर, पांढरे डागही दिसले तर शंकाच नको. कूलरमध्ये बोअरचं क्षाराचं पाणी असतं आणि त्याचे बारीक तुषार स्कीवर बसून वाळलेले असतात.

फक्त शेपटाच्या, म्हणजे स्कीच्या मागच्या टोकाच्या बाजूला, जमिनीलगतच गंज असेल तर फरशीची ओल, किंवा कूलरच्या टाकीतून झिरपलेलं पाणी. स्की कोपऱ्यात उभी करून ठेवणाऱ्यांकडे हा प्रकार हमखास.

आता आलेला गंज काढायचा कसा

हलका गंज हार्डवेअरच्या दुकानातल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने निघतो. तो एका लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, थोडा ओला करा आणि कडेच्या लांबीच्या दिशेने चालवा, आडवा कधीच नाही. तळाला पेपर लागू देऊ नका. तळाच्या काठावर चिकटपट्टी लावून घेतली तर काम निर्धास्त होतं. नंतर कोरड्या फडक्याने पुसा आणि पंख्याखाली तासभर ठेवा.

खड्डे पडण्याइतका गंज असेल तर बारीक दातांची कानस लागते, आणि कानस हातात मोकळी धरून चालत नाही. कोन धरून ठेवणारा गाइड हवाच. साध्या वापराच्या स्कीला बाजूच्या कडेचा कोन बहुतेक वेळा ८८ अंशांचा असतो, म्हणजे काटकोनापेक्षा २ अंश कमी. तळाच्या बाजूची कड मात्र घरी अजिबात घासू नका. तिथे जेमतेम १ अंशाचा उतार असतो. तो जास्त झाला तर स्की वळणावर पकड सोडते, आणि गेलेलं पोलाद परत आणता येत नाही. कडेची एकूण जाडीच जेमतेम दोनेक मिलीमीटर असते. दरवर्षी गंज, दरवर्षी कानस असं चाललं तर चांगल्या स्कीचं आयुष्य न वापरताच संपतं, म्हणून हा विषय मला एवढा जिव्हाळ्याचा वाटतो.

जालन्याच्या किंवा वाळूजच्या एमआयडीसीत ओळखीचा फिटर असणं आपल्याकडे सहज शक्य आहे आणि त्याचा हात आपल्यापेक्षा कितीतरी चांगला असतो. त्याला गाइड आणि कोन समजावून सांगा, तो काम नीट करेल. फक्त ग्राइंडर लावू देऊ नका. ग्राइंडरच्या उष्णतेने पोलाद निळं पडतं आणि शेजारचा प्लास्टिकचा तळ वितळतो.

मेणाचा जाड थर: खरा उपाय हाच

होळीनंतर, कूलर लावायच्या आधी, स्कीवर साठवणीचं मेण चढवायचं. एवढं एक काम वेळेवर झालं तर वरची सगळी डोकेदुखी बव्हंशी संपते.

स्कीचा तळ पॉलिथिलिनचा असतो. गरम केल्यावर तो थोडं मेण धरून ठेवतो. मेण निघून गेलं की तळ कोरडा पडतो, कडेच्या आसपास पांढुरका आणि लवदार दिसतो आणि बर्फावर स्की ओढल्यासारखी चालते. गंज आणि पांढरा तळ या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण दोन्हींवर औषध एकच.

आधी स्की पूर्ण कोरडी करा. पितळी ब्रश असेल तर तळावरून पुढच्या टोकाकडून शेपटाकडे फिरवा. जुनी, तळाला छिद्रं नसलेली साधी इस्त्री घ्या. वाफेची इस्त्री चालत नाही, छिद्रांत मेण भरतं आणि उष्णता सारखी लागत नाही. एकदा मेणाला वापरलेली इस्त्री कपड्यांना परत लावता येत नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा. मेणाची वडी इस्त्रीला टेकवून तळावर थेंब पाडत जा, मग इस्त्री फिरवून मेण पसरवा. मेण वितळलं पाहिजे, पण धूर निघता कामा नये. धूर दिसला की इस्त्री जास्त तापली आहे, आच कमी करा. इस्त्री एका जागी क्षणभरही थांबवायची नाही. स्की उलटून वरचा पृष्ठभाग हाताला कोमट लागला तर ठीक, गरम लागला तर थांबा.

साठवणीचा थर नेहमीपेक्षा जाड हवा आणि तो दोन्ही कडांवरून खाली उतरलेला हवा. पोलाद मेणाखाली पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. नेहमी मेण लावल्यावर ते खरवडतात. साठवताना खरवडायचं नाही, तसंच राहू द्यायचं.

मेण कुठलं? बर्फावर चालायला स्कीचंच मेण चांगलं, कारण ते बर्फाच्या तापमानानुसार बनवलेलं असतं. पण नऊ-दहा महिने कडा झाकून ठेवायला साधं शुद्ध पॅराफिनही चालतं. रंगीत किंवा सुगंधी मेणबत्त्या मात्र नकोत. एका बाबतीत आपली हवा उपयोगी पडते. थंड प्रदेशात मेण लावण्याआधी स्की खोलीत आणून उबदार करावी लागते. आपल्याकडे मार्चमध्ये ती उबदारच असते आणि मेण तळात चांगलं मुरतं.

ठेवायची कुठे

कूलर नसलेल्या खोलीत, आडवी, जमिनीपासून वर. पूर्वेकडच्या किंवा मधल्या खोलीतल्या दिवाणाखाली दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवली तर उत्तम. गावाकडे माळवदाचं घर असेल तर जाड भिंतींच्या आतल्या खोलीसारखी जागा उन्हाळ्यात शोधून मिळणार नाही. बाहेर ४२ अंश असले तरी ती खोली निवांत असते. पण पाऊस सुरू झाला की त्याच भिंती ओल धरतात, तेव्हा मृगाआधी सेट तिथून हलवा.

पत्र्याखालचा माळा आणि गाडीची डिकी या दोन जागा पूर्ण वर्ज्य. स्की म्हणजे लाकूड, फायबर, धातू आणि प्लास्टिक यांचे थर गोंदाने एकत्र दाबलेले असतात. दुपारी तापायचं, रात्री निवायचं, हे रोज चाललं तर ज्या जागी आधीच थोडी ओल शिरली आहे तिथून थर सुटायला लागतात. कडेलगत नखाने चाचपून पाहा, फट लागली तर सुरुवात झाली आहे.

दोन स्की तळाला तळ लावून करकचून बांधू नका. दोन तळांच्या मध्ये सुती कापडाची पट्टी ठेवा आणि पट्टा सैलसर बांधा. वरून जुनी सुती चादर गुंडाळा. प्लास्टिक नको, आत राहिलेली ओल बाहेर पडायला वाटच राहत नाही. श्रावणात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या तर ठेवा, पण रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे ते भरले की कळतं आणि तापवून पुन्हा वापरता येतात.

बाइंडिंगला तेल घालायचा मोह टाळा. आतलं ग्रीस कारखान्यात घातलेलं असतं. फवाऱ्याचं तेल मारलं की ते पातळ होऊन निघून जातं आणि आपल्या काळ्या मातीची उन्हाळी धूळ त्या तेलाला चिकटते. ओलसर फडक्याने पुसायचं, कोरडं करायचं, झाकून ठेवायचं.

बूट

इथे थोडं थांबून सांगतो, कारण गंजलेली कड दिसते तरी, बुटाचा बिघाड मात्र दिसतही नाही.

कुबट वासाचं कारण साधं आहे. आतलं लायनर, म्हणजे मऊ अस्तराचा बूट, घामाने आणि बर्फाने ओलं होतं आणि शेलच्या, म्हणजे बाहेरच्या कडक प्लास्टिकच्या कवचाच्या, आत असेपर्यंत वाळत नाही. रोज संध्याकाळी लायनर बाहेर काढा, खोलीच्या हवेत वाळवा. हीटरला किंवा शेगडीला टेकवू नका, फोम आकसतो. घरी आल्यावर लायनर दोन दिवस पंख्याखाली, मग परत शेलमध्ये, आणि बकल अगदी हलके लावून ठेवा, म्हणजे शेलचा आकार उघडा पडून बिघडत नाही. करकचून लावलेलं बकल दहा महिने ठेवलं तर लायनर दबून बसतं.

गंभीर गोष्ट पुढे आहे. पुष्कळ बुटांचं शेल पॉलियुरेथेनचं असतं. उष्णता आणि ओल दोन्ही वर्षानुवर्षं लागत राहिली की हे प्लास्टिक आतून कमजोर होतं, बूट न वापरता कपाटात असला तरीही. जुन्या ट्रेकिंगच्या बुटांचा तळ सह्याद्रीत चालता चालता अचानक सुटून येतो ना, त्यामागेही पॉलियुरेथेनचीच ही खोड असते. ट्रेकिंगला बूट सुटला तर चप्पल घालून उतरता येतं. उतारावर वेगात असताना स्कीच्या बुटाचं शेल तडकलं तर पाय मोडू शकतो.

म्हणून पुण्या-मुंबईहून, परदेशातून परतलेल्या कुणाकडून ‘फक्त एकदाच वापरलेला’ सेट मिळत असेल तर आधी बुटाची तारीख पाहा. शेलच्या किंवा तळव्याच्या प्लास्टिकवर घड्याळाच्या तबकडीसारखा छोटा गोल शिक्का असतो. मध्ये वर्षाचे आकडे, बाण महिन्याकडे. दहा वर्षांपुढचा बूट मी कुणालाच घ्यायला सांगत नाही, कितीही नवा दिसला आणि कितीही स्वस्त असला तरी. बकलांच्या बुडाशी आणि घोट्याच्या सांध्याजवळ केसासारख्या बारीक रेषा दिसल्या, तर तारीख पाहायचीही गरज नाही.

दुसरी नेहमीची तक्रार: नडगी दुखते, अंगठ्याचं नख काळं पडतं, म्हणून पुढच्या वेळी मोठा बूट घेतला आणि दुखणं वाढलं. बूट मोठा असतो म्हणूनच हे होतं. पाऊल आत सरकतं, अंगठा पुढे आपटतो, नडगी बुटाच्या जिभेवर आदळते, मग माणूस बकल आवळतो आणि पाय बधिर होतो. स्कीच्या बुटाचं माप मोंडोपॉइंटमध्ये, म्हणजे पावलाच्या सेंटीमीटरमधल्या लांबीत असतं. संध्याकाळी भिंतीला टाच लावून, वजन दोन्ही पायांवर ठेवून कागदावर माप घ्या. २६.४ आलं तर २६.५ चा बूट, २८ चा नव्हे. बहुतेक कंपन्यांत २६.० आणि २६.५ चं शेल एकच असतं. दुकानात लायनर काढून नुसत्या शेलमध्ये पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे बोट घालून पाहा. दीड ते दोन सेंटीमीटरची जागा असली की नवशिक्याला योग्य. लायनर घालून उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकतील. गुडघे पुढे वाकवले की ती मागे सरकली पाहिजेत. मोजा एकच, पातळ. थंडी वाजेल म्हणून दोन जाड मोजे घालणं ही आपल्याकडची पक्की सवय आहे आणि पाय गार पडण्याचं तेच मोठं कारण आहे, कारण रक्तपुरवठा दबतो.

मग पहिल्या खेपेला घ्यायचं काय?

कोर्स करायच्या आधी काहीच नको. गुलमर्गच्या किंवा मनालीच्या सरकारी संस्थेत कोर्स केला तर शिकण्यापुरतं साहित्य तिथूनच मिळतं. शिकल्यावर आवड टिकली तर पहिल्यांदा बूट घ्या, हेल्मेट आणि गॉगल घ्या, आणि स्की तिथेच भाड्याने घ्या. बूट दुसऱ्याच्या पायाला बसलेला असेल तर तो आपल्याला त्रास देणारच. स्कीचं तसं नसतं. वर्षाला एकच आठवडा जाणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाने स्की विकत घेऊन उरलेले एकावन्न आठवडे ती उन्हापासून जपत बसावं, हे मला पटत नाही. दरवर्षी दोन-तीन आठवडे जाणं पक्कं असेल, मेणाचं काम करायची हौस असेल, तर जरूर घ्या. नवशिक्यासाठी हनुवटी ते नाक यामधल्या उंचीची. गुलमर्गच्या अफरवतच्या खोल बर्फाचे व्हिडिओ पाहून रुंद स्की घेऊ नका. पहिली दोन-तीन वर्षं तुम्ही खालच्या दाबलेल्या उतारांवरच असणार, तिथे ७५ ते ८५ मिलीमीटर कंबरेची, म्हणजे मधल्या अरुंद भागात तेवढी रुंद असलेली, स्की वळायला सोपी जाते.

बूट आणि बाइंडिंग एकमेकांना चालतात का, हे विकत घेण्याआधी तपासा. जुन्या पद्धतीचा सपाट तळवा आयएसओ ५३५५ मानकाचा. आता बऱ्याच बुटांना चालायला सोपा, वक्र ग्रिपवॉक तळवा येतो, त्याचं मानक आयएसओ २३२२३. वक्र तळवा जुन्या बाइंडिंगमध्ये घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण पडताना वेळेवर सुटेलच याची खात्री नसते.

बाइंडिंगवरचा आकडा हा त्या सुटण्याचा आकडा. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमची पातळी यांवरून तो तक्त्यातून काढतात. पन्नाशीनंतर तो कमी होतो. मित्राचा आकडा स्वतःच्या बाइंडिंगवर फिरवू नका, आणि स्की वारंवार निसटते म्हणून पेचकस घेऊन आवळूही नका. आधी बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ आणि बाइंडिंगचा टाचेकडचा, बूट पुढे दाबून धरणारा दाब तपासा. निसटण्याचं कारण पुष्कळदा तिथेच असतं. आपल्याकडे हे बसवून देणारा तंत्रज्ञ नाही, तेव्हा ते डोंगरावर पोहोचल्यावर, पहिल्या दिवशी, बर्फावर उतरायच्या आधी करून घ्या. बूट बदलला तर पुन्हा करा.

सगळं करूनही पहिल्या दिवशी स्की चालत नाही?

साठवणीचं मेण तसंच राहिलं आहे. निघायच्या आठवडाभर आधी घरीच, दुपारच्या उबेत काढा. हॉटेलच्या गार खोलीत ते कडक होऊन ढलप्यांनी उडतं. आधी कडांवरचं मेण खरवडा, मग प्लास्टिकच्या स्क्रेपरने तळावरचं, नेहमी पुढच्या टोकाकडून शेपटाकडे. शेवटी ब्रश. तळ काळा आणि तुकतुकीत दिसला, बोट फिरवल्यावर बोटाला मेण आलं नाही, की बॅग भरा, आणि परतीसाठी दोन कोरडे पंचे त्याच बॅगेत आत्ताच टाकून ठेवा.